गिरजामावशीनं वाढलेलं ताट

गिरजामावशीच्या खाणावळीत दुपारी ताटात काही टाकलं, तर ते संध्याकाळी परत समोर यायचं. तेच. वांग्याची तीच फोड, कडा वाळून वर वळलेली, आणि भाताचा तोच गोळा. "दुपारची राह्यली होती तुमची, जपून ठेवली," असं म्हणून मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. सेलूला बदलून आलेल्या एका बँक मॅनेजरनं हे हसण्यावारी नेलं. त्याला दुसऱ्या दिवशी दुपारीही तीच फोड वाढली गेली. लोकांना केबिनबाहेर तासन्‌तास तिष्ठत ठेवणारा माणूस तो, पण त्यानं ती फोड पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि पुढं सेलूत असेपर्यंत ताट बोटानं पुसूनच उठत राहिला.

खाणावळ एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होती. माझं औषधाचं दुकान तिला लागून. मधली भिंत एकच. लग्न होण्याआधी मी दोन्ही वेळ तिथं जेवत असे, लग्नानंतर बायको माहेरी गेली की. इतक्या वर्षांत मावशीनं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी 'मेडिकल' होतो. "मेडिकल, बसा. मेडिकल, पोळी घ्या." तिचं आडनाव थूल, आणि अंगावर मांस म्हणून नाही. पऱ्हाटीच्या काडीसारखी काटक, रंग सावळा, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की स्टँडवर उभ्या असलेल्या कंडक्टरला गल्लीतून ऐकू जावा.

सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ती तांदूळ निवडायची. कोण काय औषध घेऊन जातो ते मी कधी कुणाला सांगितलं नाही; पण तिला सांगायची गरजच नव्हती. ती पाकीट बघायची, चेहरा बघायची, आणि दुपारी भरल्या पंगतीत ओरडायची, "सुनंदा, मास्तरले ठेचा नोको वाढू. सकाळी संडासात रडते तो." मास्तरांचे कान लाल. पंगत हसून लोळायची. हसणाऱ्यांना हे कळत असे की आपलाही दिवस येणार आहे, म्हणून ते जरा जास्तच हसत.

सुनंदा तिची सून. मावशीचा एकुलता एक मुलगा ट्रकवर होता. नागपूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. माती देऊन आल्यावर तीन दिवस खाणावळ बंद होती आणि चौथ्या दिवशी मावशीनं शटर उचललं. सुनंदा आत भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी म्हणालं, "मावशी, तिला तरी बसू द्या चार दिवस." मावशी म्हणाली, "मेला तो माहा पोरगा. लोकांचं पोट नाई मेलं." आणि सुनंदाच्या पुढ्यात कणकेची परात सरकवली.

मावशीला मी कधी दयाळू झालेलं पाहिलं नाही. हे तिच्या माघारी सांगणं भाग आहे, कारण माणूस गेलं की लोक त्याला लगेच मऊ करून टाकतात. आता गल्लीत कुणीही सांगतं, की वरून नारळासारखी होती, आतून गोड होती. नव्हती. ती आतूनही तशीच होती. पण तिच्या हातचं आलूवांगं आणि तुरीचं वरण खायला सिंदीहून माणसं रेल्वेनं यायची, आणि तिच्या खाणावळीत उपाशी कुणी उठलं नाही. या दोन गोष्टी एकाच बाईत होत्या, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध होता असं मला वाटत नाही.

आता नितीनचं सांगतो.

तो सिंदीजवळच्या एका खेड्यातला. सेलूत खोली घेऊन सायन्स शिकायचा आणि मावशीकडं जेवायचा. बाकी सगळे तिला मावशी म्हणत. हा एकटा 'माय' म्हणायचा. डॉक्टर व्हायचं त्याच्या मनात होतं, पण पहिल्या खेपेला मार्क कमी पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो पंगतीत बसला आणि भाकरीचा तुकडा हातात धरून रडायला लागला.

"काऊन रे, मिरची लागली का?" मावशीनं विचारलं. पंगत हसली. तो अजूनच रडायला लागला, तेव्हा तिनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि मागच्या अंगणात नेलं. रविवार होता. कोंबड्या सोलून ठेवलेल्या होत्या. तिनं त्याच्या हातात चाकू दिला.

"डोळ्यानं रडाचं तं रड. हातानं काम कर. हे पाह्य, कलेजीले चिकटून हिरवी थैली असते. पित्त होय हे. हळू सोडव. ओढू नोको. फुटली का सगळं मटण कडू."

त्यानं पहिलीच थैली फोडली. मावशीनं ती कोंबडी वेगळी शिजवली आणि त्याला एकट्याला वाढली. आम्ही सगळे बघत होतो. कडू घास गिळताना त्याचा चेहरा असा व्हायचा की हसू आवरत नसे. त्यानं ती संपवली. त्यानंतर दर रविवारी कोंबड्या तोच साफ करायचा, आणि पुन्हा त्याच्या हातून थैली फुटली नाही. पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला.

बऱ्याच वर्षांनी तो सर्जन होऊन परत आला आणि सेलूतच त्यानं दवाखाना काढला. उद्‌घाटनाला मावशी पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. नितीननं भाषणात कोंबडीची गोष्ट सांगितली. म्हणाला, "माझं पहिलं ऑपरेशन मायच्या अंगणात झालं."

"पहिलं बिघडवलतं त्यानं!" मावशी खालून ओरडली. मंडप हसला. नितीनही हसला.

मावशीच्या पोटात दुखायला लागलं ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. जेवण झालं की उजव्या बाजूला बरगडीखाली कळ यायची, पाठीपर्यंत जायची. ती माझ्याकडून गॅसच्या गोळ्या न्यायची आणि पंगतीत कुणी पोट धरलं की त्याला जसं हसायची तसंच स्वतःलाही हसायची. शेवटी एकदा चुलीपुढंच वाकून बसली, तेव्हा सुनंदानं तिला नितीनकडं नेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. थैलीची भिंतही जाड झालेली होती. मी म्हणालो, वर्ध्याला किंवा नागपूरला मोठ्या ठिकाणी दाखवू.

"काऊन? आपला नित्या काय भाजी विकते का?"

नितीननं दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. पोटावर चार बारीक भोकं: एक बेंबीशी, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजव्या बाजूला. दोन दिवसांनी ती घरी आली आणि आठवड्यात पळी हातात घेऊन उभी राहिली. पोटातून निघालेले खडे नितीननं तिला छोट्या बाटलीत घालून दिले होते. ती बाटली तिनं लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. कुणी रस्स्यावर जास्तीची तर्री मागितली, की बाटली त्याच्या नाकासमोर खुळखुळवायची. "हे पाह्य आधी. मंग मांग."

काही महिने बरे गेले. उन्हाळ्यात एकदा ती दुकानात आली, काउंटरसमोर उभी राहिली आणि गिऱ्हाइकं असतानाच पदर बाजूला करून म्हणाली, "मेडिकल, हे काय होय?"

बेंबीजवळच्या जुन्या भोकावर कातडीखाली बोराएवढी गाठ होती. टणक. दाबली तरी सरकत नव्हती. मी तिला लगेच नितीनकडं पाठवलं. तो म्हणाला, "टाक्याची गाठ आहे, माय. आतला दोरा विरघळला नाही की होते असं." त्यानं लिहून दिलेल्या गोळ्या मीच दिल्या. गाठ कमी झाली नाही. पावसाळ्यात छातीखालच्या भोकावर दुसरी आली. पोळ्याच्या सुमाराला बेंबीजवळची गाठ फुटली आणि तिच्यातून पातळ, रक्तासारखं पाणी यायला लागलं.

त्या दिवशी नितीननं ती जखम दोनदा धुऊन पाहिली, असं सुनंदानं मला सांगितलं. त्यानं गाठीचा तुकडा काढून नागपूरला पाठवला. उत्तर आल्यावर त्यानं सुनंदाला फोन केला आणि नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. तो स्वतः बरोबर आला नाही. मी गेलो.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी मावशीच्या पोटावरून हात फिरवला, फोटो पाहिले आणि विचारलं, "पित्ताशय काढलं तेव्हा ते तपासायला पाठवलं होतं का? त्यात काय निघालं?"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "तसं काही आम्हाला दिलं नव्हतं."

बाईंनी फोटो पुन्हा पाकिटात घातले. मावशी म्हणाली, "लपवू नोका. मी लोकांचं काई लपवत नाई."

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर पित्ताशयातच होता, खड्यांच्या आड. वरून दिसत नाही, काढलेली थैली तपासली तरच कळतं. ती ओढून काढताना तिच्यातलं काही भोकांच्या वाटेवर सांडलं असणार, आणि जिथं जिथं सांडलं तिथं ते रुजलं. आता यकृतावरही होतं. कापून काढण्यासारखं राहिलं नव्हतं.

"तवाच कळलं असतं तं?" मावशीनं विचारलं.

"दुसरं मोठं ऑपरेशन करता आलं असतं. तुम्ही वाचलाच असता असं मी सांगणार नाही. पण संधी होती."

मावशीनं मान हलवली. नंतर तिनं एक गोष्ट विचारली, ती मी तिच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. "लय दुखते का हो शेवटी?" बाईंनी तिचा हात हातात घेतला. मावशीनं तो काढून घेतला.

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. सेलू आल्यावर म्हणाली, "घरी नाई. नित्याकडं चला."

नितीननं आम्हाला पाहिलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. मावशी खुर्चीत बसली. तो उभाच राहिला.

"माही थैली कुठी हाय?"

"माय..."

"कुठी हाय?"

"टाकली. दवाखान्याच्या कचऱ्याची गाडी येते, तिच्यात गेली."

"फुटली होती का?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी नजर दिली नाही. "चिकटलेली होती, माय. बेंबीतून ओढताना फुटली. मी आतून पाण्यानं धुतलं सगळं. खडे होते, सूज होती... अशा रोजच येतात. वाटलं नाही मले."

"तपासाले काऊन नाई पाठवली?"

"पाठवायला पाहिजे होती."

"कोंबडीची थैली तं तुले न फोडता काढता येत होती," मावशी म्हणाली. "मानसाची काऊन नाई?"

तो खाली बसला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला गेला. तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्याचं कपाळ फरशीला लागलं. सुनंदा रडत रडत म्हणाली, "आम्ही तक्रार करू. दवाखाना बंद करू तुमचा."

"चूप बस," मावशी तिला म्हणाली. "दवाखाना बंद झाला का हा नागपूरले पळन. सुटला मंग." ती नितीनकडं वळली. "उद्या दुपारी येजो. हे माहं धुवून देजो, पट्टी करून देजो. मंग माह्याकडं जेवून जाजो. रोज. मी हाय तवापर्यंत."

त्याला वाटलं, तिनं माफ केलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसायच्या वेळी तो आला. खाणावळीच्या मागच्या खोलीत मावशीची खाट होती. मध्ये फक्त एक पडदा. त्यानं आधी जुन्या पट्टीवर सलाइन ओतून ती भिजवली, मग अलगद सोडवली, जखम धुतली, वास कमी व्हावा म्हणून माझ्याकडून नेलेली पूड टाकली आणि नवी पट्टी लावली. हात त्याचा खरोखर हलका होता. मावशीनं तोंडातून आवाज काढला नाही. झाल्यावर ती म्हणाली, "पडदा सरकव. आता बस तिथी. मले दिसन असा."

सुनंदानं ताट वाढलं. तेलाचा तवंग आलेलं आलूवांगं, वरण, भात, पोळ्या. त्याच्या हाताला अजून साबणाचा आणि त्याखाली त्या जखमेचा वास असणार. त्यानं घास तोंडात घेतला आणि तो गालात फिरत राहिला.

"खा ना लेका. माह्याच्यानं तं आता खाणं होत नाई. तू खा."

त्यानं सगळं संपवलं आणि माझ्या दुकानामागं येऊन ओकला. मी त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो म्हणाला, "उद्या कमी वाढायला सांगाल का मायला?" मी सांगितलं. मावशी म्हणाली, "बरं झालं सांगतलं." दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात एक पोळी जास्त होती.

हे चालूच राहिलं. मावशी दिवसेंदिवस खंगत गेली. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, नुसत्या फोडणीच्या वासानं तिला उमळून यायचं. नागपूरहून आणलेल्या गोळ्यांनी दुखणं थोडं थांबायचं. दुपारी खाणावळ रिकामी झाली की भिंतीपलीकडून मला तिचं कण्हणं ऐकू यायचं, आणि लगेच हाक, "सुनंदा, भांडे घास. आवाज होऊ दे." मग पातेली आदळत राहायची. शेजारची एक बाई देवीचा अंगारा घेऊन आली, तेव्हा मावशीनं तिला दारातूनच परतवलं. "माह्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तवाच हे सगळं सोडलं. आता एका गाठीपायी परत घेऊ का?"

पण नितीनच्या यायच्या वेळी ती उशीला टेकून बसायची, केस विंचरून. तो जेवायला बसला की तिच्या पिवळ्या डोळ्यांत काहीतरी जागं व्हायचं. ते बघवत नसे. त्याची वाट बघणं एवढंच तिला उरलं होतं, आणि ती ते चवीनं करत होती.

एक दिवस नितीनची बायको आली. दातांची डॉक्टर, नागपूरची. खाटेशी बसून म्हणाली, "मावशी, ते घरी जेवत नाहीत. झोपत नाहीत. ऑपरेशनला हात लावायची भीती वाटते त्यांना. तुम्ही त्यांना सोडा. मी पाया पडते."

"म्या कुठी धरून ठेवलं?" मावशी म्हणाली. "जेवाले बोलावलं फक्त. तू बी बस. सुनंदा, हिले वाढ."

ती उठून गेली.

आणि गंमत अशी, गंमतच म्हणतो, की गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशी, सुनंदा, मी आणि नितीन नवरा-बायको, यांच्यापलीकडं ही गोष्ट गेली नव्हती. लोकांना एवढंच दिसत होतं, की एवढा मोठा सर्जन एका खाणावळवालीची जखम रोज स्वतःच्या हातानं धुतो आणि तिच्याकडं साध्या पंगतीत बसून जेवतो. स्टँडवर, पानठेल्यावर त्याचं कौतुक चालायचं. त्याच्या दवाखान्यातली गर्दी वाढली. अल्लीपूरपासून लोक यायला लागले. मावशीला हे कळलं तेव्हा ती आधी हसली, मग तिला खोकला लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. जिल्हा परिषद शाळेतल्या कविता मॅडम खाणावळीत जेवायच्या. नितीन पट्टी करून हात धुऊन ताटावर बसला होता. मॅडम त्याच्या समोरच होत्या. म्हणाल्या, "सर, माझ्याही सोनोग्राफीत खडे निघालेत. मी तुमच्याकडंच करायचं ठरवलंय. मावशींची एवढी सेवा करता तुम्ही, आणखी काय पाहायचं?"

"त्याले विचार," पडद्याआडून नाही, सरळ खाटेवरून मावशीचा आवाज आला. बारीक झाला होता, पण पंगत थांबली. "थैली काढल्यावर तपासाले पाठवशीन का, विचार."

मॅडमना कळेना. त्या नितीनकडं बघून हसल्या.

"पाठवीन," नितीन म्हणाला.

"माही पाठवली होती का?"

नितीनचा हात ताटात तसाच होता. "नाही."

"जोरानं सांग. कोपऱ्यात बसलेल्याले ऐकू नाई गेलं."

"नाही पाठवली."

"फुटली होती का नोती?"

"फुटली होती."

"मंग आता माह्या पोटावर हे काय होय?"

"कॅन्सर आहे." तो आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, मान खाली घालून, शाळेत पाठ म्हणतात तसं. "त्या थैलीतलाच. मी तपासली नाही, म्हणून कळला नाही. ओढताना सांडला, म्हणून भोकांवर आला."

"बरं," मावशी म्हणाली. "जेव आता."

तो जेवला. कुणी उठलं नाही. कविता मॅडमनी ताट तसंच ठेवलं, आणि त्या दिवशी मावशीनं त्यांना काही म्हटलं नाही. नितीन हात धुऊन खाटेशी आला, तेव्हा मीही तिथं होतो.

"उद्यापासून येऊ नोको," ती म्हणाली.

"पट्टी कोण करेल, माय?"

"सुनंदा करीन. तुह्याकडं पाहाले आता गाव हाय. माहं काम झालं."

तो गेला नाही. उभाच राहिला. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. ती त्याला रोज जेवायला घालत होती तेव्हासुद्धा तो इतका घाबरलेला दिसला नव्हता. शेवटी सुनंदानंच त्याला दारापर्यंत नेलं.

सेलू लहान गाव आहे. आठवड्याभरात दवाखान्यासमोरच्या चपला कमी झाल्या. लोक वर्ध्याला जायला लागले. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. फक्त तो पानठेल्यावर आला की बोलणं बंद व्हायचं. तरी दुपारी पंगतीच्या वेळेला तो औषधांची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही. तासभर थांबायचा आणि निघून जायचा.

पट्टी सुनंदा करत होती. मी तिला दाखवलं होतं, आधी भिजव, मग सोडव. पण तिचा हात थरथरायचा, घाई व्हायची, आणि वाळलेली पट्टी कातडीसकट यायची. तो हात नुसताच थरथरायचा, की मधूनच जडही व्हायचा, हे मला सांगता येणार नाही. मावशीनं तिला आयुष्यभर काय काय बोललेलं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे.

मावशीला मी शेवटचं पाहिलं ते एका दुपारी. नागपूरच्या गोळ्या द्यायला गेलो होतो. खोलीत वास भरलेला. ती अंगानं एवढीशी झाली होती, आणि रंग हळदीचा. सुनंदा पट्टीचं टोक धरून बसली होती. तिनं ते थोडं उचललं, तसे मावशीचे दोन्ही पाय आखडले आणि खाटेची दोरी करकरली. पट्टी जागची हलली नव्हती. पोटावरची चारही भोकं आता एकमेकांत मिसळत आली होती.

मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, नितीनला बोलावतो. त्याचा हात हलका आहे. इथंच आहे तो."

तिनं डोळे उघडले. "नोको."

सुनंदा थांबली होती. बाहेर पंगत बसत होती, ताटं वाजत होती. थोड्या वेळानं मावशीनं विचारलं, "हाय का गेला?"

मी दारातून वाकून पाहिलं. नितीन गल्लीच्या तोंडाशी होता, उन्हात, पिशवी छातीशी धरून.

"आहे. उभा आहे."

"उभा राहू दे," मावशी म्हणाली. मग तिनं पदराचा बोळा केला, दातांत धरला आणि सुनंदाकडं बघून मान हलवली. सुनंदानं पट्टी ओढली.